सासरेबुवांच्या ऐंशीचं दळण

एवाल्ड ब्रुगेमान हा बोलून फसणाऱ्यातला माणूस नव्हता. जमीन-मोजणीच्या कचेरीत त्याची हयात गेली होती. कुणी सहज 'स्टेशन किती लांब आहे हो?' असं विचारलं तरी हा आधी 'स्टेशनच्या कोणत्या दारापर्यंत?' असं विचारून घ्यायचा. अशा माणसाची जीभ आयुष्यात एकदाच घसरली, आणि तीही नेमकी सासऱ्याच्या गुरुवारच्या बैठकीत, खानावळीतल्या कोपऱ्यातल्या गोल मेजावर, चार साक्षीदारांसमोर.

विषय निघाला होता सासरेबुवांच्या ऐंशीचा. किलियान ह्यूबनर ऑक्टोबरात ऐंशी पुरी करणार होते आणि मेजवानीला कोणत्या भट्टीचं बिअरचं पिंप आणायचं यावरून मेजाभोवती तट पडले होते. आमच्या फ्रँकोनियात, जर्मनीच्या या दक्षिणेकडच्या भागात, माणूस एक वेळ घर बदलेल, पण बिअर बदलणार नाही. गावागणिक वेगळी भट्टी, आणि दुसऱ्या गावची बिअर म्हणजे पायाचं पाणी, यावर मात्र सगळ्यांचं एकमत. वाद हळूहळू वर चढला, कुणाच्या तरी दिवंगत वडिलांपर्यंत पोचला, आणि आता हे मिटावं एवढ्याच चांगल्या हेतूनं एवाल्ड म्हणाला, "भांडता कशाला? पिंप मी देतो. घरी करून."

सासरेबुवांनी पेला खाली ठेवला, मिशीवरचा फेस पुसला आणि शांतपणे म्हणाले, "माणसं चाळीस येणार आहेत. बरीचशी म्हातारी आहेत. नंतर त्यांना धड घरी जायचंय."

सगळे हसले. एवाल्डही हसला. तो मूळचा उत्तरेकडचा, हानोफरच्या बाजूचा. लग्न करून इथे आला त्याला पाव शतक उलटून गेलं होतं. इथली भाषा त्याला समजत होती, इथलं डुकराचं खांद्याचं मांस तो हाडापर्यंत निगुतीनं खात होता, पण सासरेबुवा अजून कुणाशी त्याची ओळख करून द्यायची झाली की म्हणायचे, "हा रोसविथाचा नवरा. उत्तरेकडचा आहे." शेवटचं वाक्य ते आवाज खाली आणून म्हणत, घरात कुणाला काही दुखणं असलं की सांगतात तसं. जावई हा शब्द त्यांच्या तोंडून एवाल्डनं कधी ऐकला नव्हता. त्या ऐंशीच्या मेजवानीत त्याला दुसरं तिसरं काही नको होतं. म्हाताऱ्यानं चार लोकांत आपल्याला एकदा आपलं म्हणावं, बस. त्यासाठी पिंप उत्तम व्हायला हवं होतं, आणि आता ते होणं भागच होतं.

बिअर करणं एवाल्डला नवं नव्हतं. तळघरातल्या धुणीघरात तो वर्षाकाठी दोन-तीन वेळा बादलीभर बिअर काढायचा. बिअरला लागतो मोड आणून वाळवलेला जव, म्हणजे माल्ट. आता हा माल्ट दळायचा नसतो, भरडायचा असतो. टरफल शाबूत राहिलं पाहिजे आणि आतला दाणा फुटला पाहिजे. टरफलातून पुढे गाळायचं असतं. पीठ झालं की पातेल्यात बिअरऐवजी खळ तयार होते. एवाल्डकडे दोन रुळांची छोटी हातगिरणी होती. बादलीपुरता माल्ट तिच्यावर भरडून होईस्तोवर त्याचा उजवा खांदा दुखायला लागायचा. पिंपाचा माल्ट म्हणजे गोणी. गोणीकडे पाहूनच त्याचा डावा खांदाही दुखायला लागला.

"भरडलेला माल्ट विकत मिळतो ना?" रोसविथानं विचारलं. ती औषधाच्या दुकानात काम करायची आणि तयार मिळणाऱ्या गोष्टींवर तिचा विश्वास होता.

"मिळतो."

"मग?"

"मग ती घरची कशी?"

"जव काय तू खिडकीतल्या कुंडीत पेरलायस?"

या प्रश्नाला उत्तर होतं, पण ते लांबलचक होतं आणि रोसविथाला दुकानात जायचं होतं. एवाल्डनं त्याच दिवशी ठरवलं, गिरणीला मोटार बसवायची. आणि आमच्याकडे काही ठरवलं की ते शेजाऱ्याला कळायला वेळ लागत नाही, कारण तो जिन्यात उभाच असतो.

जिन्यात उभे होते डोट्सलर. पलीकडच्या दारातले. त्यांनी उभ्या आयुष्यात गावातल्या निम्म्या लोकांना गाडी चालवायला शिकवलं होतं आणि निवृत्त झाल्यावरही त्यांची सवय गेली नव्हती. तुम्ही काही बोलायला लागलात, आणि ते त्यांना घाईचं वाटलं, की त्यांचा उजवा पाय ब्रेक दाबावा तसा आपोआप जमीन दाबायचा.

"मोटार वेगळी कशाला, ब्रुगेमानसाहेब?" डोट्सलर म्हणाले. "माझं ड्रिल मशीन घ्या. दांड्याला लावा, बटण दाबा. वाण्याकडची कॉफी जशी."

एवाल्डनं मशीन घेतलं, दांड्याला लावलं, बटण दाबलं. पहिल्या दोन ओंजळींची भरड उत्तम निघाली. तिसऱ्या ओंजळीला मशीन गुरगुरलं, चौथीला त्यातून निळसर धूर आला, आणि पाचवी ओंजळ कुणी घातलीच नाही. डोट्सलरांनी मेलेलं ड्रिल मशीन हातात घेऊन हुंगलं. मनाला लागलं असणार, पण माणूस मोठ्या मनाचा. "जाऊ द्या," ते म्हणाले, "शिकताना गिअर मोडतातच." मात्र त्यानंतर त्यांनी या कामात जातीनं लक्ष घातलं. ज्याचं मशीन गेलं तो सल्ला द्यायला कायमचा मोकळा होतो, त्याला कुणी अडवू शकत नाही.

त्यांचा दुसरा सल्ला धुण्याच्या यंत्राच्या मोटारीचा होता. भंगारातून जुनी मोटार आली, पट्टा आला, आणि गिरणीच्या दांड्याची मूळची मूठ जागा अडवत होती म्हणून ती कापायची वेळ आली. एवाल्ड करवत हातात घेऊन थबकला. "ठेवावी का हो? लागली पुढेमागे तर?"

"परतीचा रस्ता मोकळा ठेवला की माणूस पुढे जात नाही," डोट्सलर म्हणाले. त्यांचा पाय या वेळी जमीन दाबत नव्हता. एवाल्डनं मूठ कापली.

धुण्याच्या यंत्राची मोटार कपडे पिळण्यासाठी जन्माला आलेली असते. तिला सावकाश हा प्रकार ठाऊक नसतो. बटण दाबल्याबरोबर रूळ असे फिरले की जवाचं पीठ झालं, पिठाचा ढग झाला, आणि तो ढग धुणीघरभर पसरून हळूहळू, अगदी शांतपणे, दोरीवर वाळत घातलेल्या हॉफमोकेलबाईंच्या ओल्या पडद्यांवर उतरला. ओलं कापड आणि पीठ एकत्र आल्यावर काय होतं हे कुणाही गृहिणीला विचारा.

हॉफमोकेलबाई वरच्या मजल्यावर राहायच्या. त्यांनी पडद्याचं एक टोक दोन बोटांत धरून चोळलं, ओल्या पिठाची वळी झाली, ती त्यांनी एवाल्डला दाखवली. "ब्रुगेमानसाहेब," त्या म्हणाल्या, "हे आता इस्त्री करू की भट्टीत भाजून घेऊ?"

एवाल्डनं सहाही पडदे स्वतः धुऊन दिले. पण एवढ्यानं मिटणारं प्रकरण ते नव्हतं, कारण दोघांचा हिशोब जुना होता. बऱ्याच वर्षांपूर्वी हॉफमोकेलबाई ऐन जेवणानंतर एवाल्डच्या डोक्यावरच्या मजल्यावर झाडू-यंत्र फिरवायच्या. एवाल्डनं घरमालकांच्या सभेत रीतसर ठराव आणला, स्वतःच्या हातानं मसुदा लिहिला: दुपारी बारा ते तीन या वेळात, तसेच रविवारी संपूर्ण दिवस, इमारतीत मोटार किंवा यंत्र यांचा आवाज होता कामा नये. ठराव मंजूर झाला. तेव्हापासून हॉफमोकेलबाईंनी तो नियम एकदाही मोडला नव्हता. बाराच्या ठोक्याला त्यांचं यंत्र गालिच्याच्या मधोमध थांबायचं आणि तीनला तिथूनच पुढे निघायचं. इतका कडक पाळलेला नियम हा पाळणाऱ्याच्या मनात कुठेतरी साठत असतो.

तिसरी मोटार मात्र खरोखर चांगली निघाली. डोट्सलरांच्या शिकवणीच्या जुन्या गाडीची, पुढची काच पुसणारी. सावकाश फिरणारी, दमदार, आवाजाला बेताची. पहिल्या दिवशी तिच्या तारा उलट्या जोडल्या गेल्यामुळे रूळ बाहेरच्या बाजूला फिरले आणि गिरणीनं घातलेला माल्ट मूठमूठ करून एवाल्डच्या तोंडावर परत फेकला. तारा बदलल्यावर ती सुतासारखी सरळ आली. एकच खोड राहिली. काच पुसणारी दांडी जशी बंद केल्यावरही आधी आपल्या जागेवर जाते आणि मगच थांबते, तशी ही गिरणीही बटण बंद केल्यावर एक फेरा पुरा करायची आणि मग विसावायची. एवाल्डला ते फार आवडलं. अर्ध्यावर काम न टाकणारं यंत्र त्यानं पहिल्यांदाच पाहिलं होतं.

इथे थांबला असता तर ही गोष्ट झाली नसती. पण एवाल्ड नियमाचा माणूस. आमच्याकडे घरी बिअर करायची तर जकात खात्याला आधी कळवावं लागतं. सगळे दोन ओळी लिहून पाठवतात आणि कामाला लागतात. एवाल्डनंही दोन ओळी लिहिल्या. आणि मग, मन स्वच्छ असावं म्हणून, तिसरी लिहिली: या वेळी गिरणीला मोटार आहे, तरी हे काम घरगुतीच समजलं जाईल ना?

चार दिवसांनी दूरध्वनी आला. पलीकडून एक बाई बोलत होत्या. आवाज तरुण आणि चिंतेत पडलेला. "मी केस्टलर बोलतेय, जकात खात्यातून. तुमचा प्रश्न मिळाला."

"उत्तर काय आहे?"

"तोच तर घोळ आहे. हा प्रश्न आजवर कुणी विचारलेलाच नाही."

"म्हणजे चालतं?"

"न विचारता चालत होतं. आता तुम्ही विचारलंय म्हटल्यावर कुणीतरी उत्तर द्यायला हवं."

"मग मी प्रश्न मागे घेतो."

"प्रश्न मागे घेता येईल," केस्टलरबाई सौम्यपणे म्हणाल्या, "पण मला पडलेली शंका आता मागे कशी घेऊ? मी येऊन गिरणी बघते. शनिवारी सकाळी दहा वाजता. तोवर मोटार चालवू नका, प्लीज."

रोसविथानं हे सगळं ऐकलं. ती हसली नाही, रागावलीही नाही. तिनं फक्त विचारलं, "रस्त्यावर चिटपाखरू नसताना लाल दिव्यापाशी उभा राहतोस, तेव्हा मी काही म्हणते का?"

"नाही."

"आज म्हणते," ती म्हणाली आणि बटाटे सोलायला गेली.

आता शनिवारचं गणित नीट समजून घ्यायला हवं, कारण एवाल्ड आठवडाभर तेच सोडवत होता. ऐंशीच्या दिवसापर्यंत बिअर नीट मुरायची तर त्या शनिवारच्या पुढे जाऊन चालणार नव्हतं. धुणीघर इमारतीत पाळीपाळीनं मिळतं. शनिवारी संध्याकाळी सहापर्यंत एवाल्डची पाळी, सहानंतर हॉफमोकेलबाईंची. भरडल्यानंतर भिजवणं, गाळणं, उकळणं, थंड करणं, मग फरशी पुसणं, यात अख्खी दुपार जाते. दहाला केस्टलरबाई आल्या, सव्वादहाला मोटार सुरू झाली, तर सगळं आरामात बसत होतं.

दहा वाजता धुणीघरात सगळं मांडून ठेवलेलं होतं. मेजावर गिरणी, खाली स्वच्छ घमेलं, बाजूला गोणी, शेगडीवर मोठ्या पातेल्यात पाणी. डोट्सलर मोटारीच्या बटणापाशी उभे होते. सासरेबुवा तळमजल्यावरच राहत असल्यानं घडीची खुर्ची आणि सॉसेज घातलेला पाव घेऊन केव्हाच येऊन बसले होते. "काय बाबा, मदतीला आलात?" एवाल्डनं विचारलं.

"छे. बघायला आलोय," सासरेबुवा म्हणाले आणि पाव खाऊ लागले.

केस्टलरबाईंची गाडी चुकली. मग बसही चुकली. त्या पोचल्या तेव्हा साडेअकरा होऊन गेले होते, आणि त्यांना इतकं ओशाळल्यासारखं झालं होतं की एवाल्डला रागावताही येईना. त्यांनी गिरणीभोवती एक फेरी मारली, खाली वाकून पाहिलं, वर पाहिलं.

"ही मोटार आधी कशाची होती?"

"गाडीच्या काचपुसणीची."

"गाडी वापरात आहे?"

डोट्सलरांचा पाय जमिनीत रुतला. "गाडी गेली, बाई," ते गंभीरपणे म्हणाले. "चांगली होती."

"नाही, मी अशासाठी विचारते," केस्टलरबाई म्हणाल्या, "घरगुती म्हणजे घरात, घरच्यांसाठी, घरच्या साधनांनी. पहिली दोन ठीक आहेत. पण काचपुसणीची मोटार हे घरचं साधन म्हणायचं का?"

"रस्त्यावरचं आहे ते," सासरेबुवा खुर्चीतून म्हणाले. त्यांची मतं कुणी मागितली नाहीत तर अधिक ठाम येत.

केस्टलरबाई विचारात पडल्या. एवाल्डनं त्यांना कॉफी दिली. त्यांनी ती घेतली आणि विचार पुढे चालू ठेवला. पातेल्यातलं पाणी तापून तयार झालं. एवाल्ड तापमापक पाण्यात घालून काढत होता, घड्याळाकडे बघत होता, परत घालत होता. शेवटी केस्टलरबाई म्हणाल्या, "एका बाजूनं पाहिलं तर..." आणि तेवढ्यात चर्चच्या घंटा वाजायला लागल्या.

बारा.

जिन्यावर पावलं वाजली. हॉफमोकेलबाई शेवटच्या पायरीवर येऊन थांबल्या. हातात कपड्यांची टोपली नव्हती, काहीच नव्हतं. त्या नुसत्या आल्या होत्या. त्यांनी गिरणीकडे पाहिलं, बटणाकडे पाहिलं आणि फार गोड आवाजात म्हणाल्या, "करा ना सुरू, ब्रुगेमानसाहेब. मी काही बोलणार नाही."

काही न बोलण्याचेही प्रकार असतात. हा पुढची दहा वर्षं पुरणारा होता. पण खरं सांगायचं तर एवाल्ड त्यांना घाबरला नाही. त्याचा हात बटणाकडे गेलाच नव्हता.

"नाही," तो म्हणाला. "नियम आहे."

"कुणी केला हा नियम?" सासरेबुवांनी विचारलं.

"मी."

"मग मोड की."

"मी केलाय म्हणून तर मोडता येत नाही, बाबा. दुसऱ्याचा असता तर विचार केला असता."

सासरेबुवांनी त्याच्याकडे पाहिलं. रोज पाहायचे त्यापेक्षा थोडं जास्त वेळ पाहिलं. हॉफमोकेलबाईंच्या चेहऱ्यावरचा गोडवा जरा गोंधळला. बऱ्याच वर्षांची तयारी करून आलेल्या माणसाला समोरचा आपण होऊन शरण आला की हात रिकामे वाटतात.

एवाल्ड पालथ्या बादलीवर बसला. त्यानं शेगडी बंद केली. "तीनला सुरू करून सहाच्या आत होणार नाही," तो सासऱ्याला म्हणाला. "गुरुवारच्या मंडळींना सांगा, बाबा. तुमच्या आवडीचं पिंप मागवा. मी पैसे देतो. मला फार वाटत होतं माझ्या हातचं व्हावं, पण नाही जमलं." एवढं सलग तो सासऱ्याशी पाव शतकात कधी बोलला नव्हता.

आता म्हातारा काहीतरी बोलणार आणि ते गुरुवारच्या मेजावर पुढची कित्येक वर्षं फिरणार, याची सगळ्यांनीच मनाची तयारी केली. डोट्सलरांनी तर छताकडे पाहायला सुरुवात केली. सासरेबुवांनी उरलेला पाव कागदात गुंडाळला आणि खुर्चीतून उठले.

"मूठ कुठाय या गिरणीची?"

"कापली."

"का?"

एवाल्डनं डोट्सलरांकडे पाहिलं नाही, हे त्याच्या सभ्यपणाला धरूनच झालं. सासरेबुवा वाकले, मोटारीची जोडणी हातानं चाचपली. दांड्याच्या टोकाला आरपार भोक होतं. "बाल्कनीचं कापडी छत गुंडाळायचा दांडा कुणाकडे आहे? लांब, पुढे आकडा असलेला?"

खाली कुणाचीच बाल्कनी नव्हती. होती ती वरच्या मजल्यावर. हॉफमोकेलबाईंनी जिन्याकडे एकदा वळून पाहिलं. त्यांच्या मनात काय काय चाललं असेल ते त्यांच्या पडद्यांना ठाऊक. मग त्या म्हणाल्या, "माझ्याकडे आहे. पण तो कुरकुरतो."

सगळ्यांनी एवाल्डकडे पाहिलं. नियम त्याचा होता, अर्थ सांगण्याचा अधिकारही त्याचाच.

"मसुद्यात 'मोटार किंवा यंत्र' असं आहे," एवाल्ड सावकाश म्हणाला. "दांडा म्हणजे मोटार नव्हे."

"गिरणी यंत्र आहे," हॉफमोकेलबाई म्हणाल्या. मदत करायची म्हणजे तत्त्व सोडायचं असं थोडंच आहे.

"नाही, नाही," केस्टलरबाई एकदम पुढे आल्या. त्यांचा चेहरा सकाळपासून पहिल्यांदाच उजळला होता. "हातानं फिरवली तर ते भांडं. कॉफीची हातगिरणी असते ना, तसं. त्यावर आमच्याकडे जुना निर्णय आहे. आणि मोटार चालणारच नसेल तर माझा प्रश्नही उरत नाही." त्यांनी कोट काढून खुंटीला लावला. शंका गेल्यामुळे त्या चांगल्याच हलक्या दिसत होत्या.

दांडा आला. डोट्सलरांनी मोटार सोडवली, आकडा भोकात अडकवला, तो बरोब्बर बसला. दांडा माणसाच्या छातीपर्यंत येईल एवढा लांब, त्यामुळे गिरणी एकीकडे आणि फिरवणारा अडीच हात दूर उभा, असा सगळा थाट. एवाल्डनं दोन फेरे मारले आणि दांडा त्याच्या हातातून निसटला.

"दे इकडे," सासरेबुवा म्हणाले. "मोजमाप करणाऱ्याचे हात हे."

दुपारची विश्रांती चालू असल्यानं ते हे कुजबुजत म्हणाले. त्यानंतर सगळेच कुजबुजत बोलू लागले. धुणीघरात पाच माणसं, दांड्याची कुरकुर, जवाचा चुरचुर आवाज, आणि वर कुजबुज: "हळू घाला." "जास्त पडतंय." "तुम्ही बाजूला व्हा, डोट्सलर." सासरेबुवांनी गोणीचा पहिला भाग एकट्यानं भरडला. दांडा सोडायला सांगितलं की ते बहिरे व्हायचे. शेवटी हॉफमोकेलबाईंनी त्यांच्या हातातून तो काढून घेतला आणि असा काही फिरवला की सगळे बघत राहिले. उन्हाळ्यात दिवसातून दोनदा छत उघडणारी बाई ती, तिच्या मनगटाची लय वेगळीच. केस्टलरबाईंनीही पाळी घेतली. भरड अशी उतरली की टरफल अख्खं आणि दाणा मधोमध फुटलेला. एवाल्डनं ओंजळीत घेऊन पाहिली आणि त्याला वाटलं, मोटारीनं इतकी सुरेख निघालीच नसती. मोटारीला वाईट वाटू नये म्हणून हे तो कुणाला बोलला नाही.

एक वाजण्याच्या आत गोणी रिकामी झाली. पुढचं सगळं वेळेत झालं. सहाच्या ठोक्याला हॉफमोकेलबाई टोपली घेऊन आल्या, फरशीवरून नजर फिरवली, कोपऱ्यातला एक दाणा उचलून एवाल्डच्या हातावर ठेवला आणि आपले पडदे यंत्रात घातले.

ऐंशीच्या मेजवानीला खानावळीचं मागचं दालन भरलं होतं. एवाल्ड सकाळपासून पिंपाच्या तोटीपाशी उभा होता. त्याला जेवण जात नव्हतं. पहिला पेला त्यानं सासरेबुवांना नेऊन दिला. त्यांनी घोट घेतला, मिशी पुसली, दुसरा घेतला आणि शेजारच्याशी बोलायला लागले. एक अक्षर नाही. एवाल्ड परत तोटीपाशी आला आणि लोकांचे पेले भरत राहिला.

सासरेबुवांचा चुलतभाऊ वेंडेलिन नदीपलीकडच्या गावातून आला होता. आमच्याकडे नदीपलीकडचा माणूस समारंभाला येतो तो मुख्यतः नावं ठेवायला. त्यानं पेला उजेडात धरला, हुंगला, घोट तोंडात घोळवला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "वाईट नाही. पण चव जरा उत्तरेकडची लागते, नाही का किलियान? रोसविथाच्या नवऱ्यानं केलीय म्हणे."

एवाल्डचा तोटीवरचा हात थांबला. रोसविथा त्याच्या शेजारीच होती, तिनं त्याचं कोपर धरलं.

सासरेबुवांनी काटा-सुरी खाली ठेवली. "उत्तरेकडची?" ते म्हणाले. "माल्ट मी भरडलाय. या हातांनी. अख्खी गोणी, एकट्यानं. लोक म्हणत होते मोटार बसवू. मी म्हटलं, माझ्या घरात मोटार चालणार नाही. घरची बिअर हातानंच भरडायची असते."

एवाल्डनं तोंड उघडलं. गोणी एकट्यानं भरडलेली नव्हती, मोटार घरात होती, तीन वेळा होती, आणि 'माझ्या घरात' हे तर सरळसरळ धुणीघर होतं. रोसविथानं कोपर दाबलं. त्यानं तोंड मिटलं.

"आणि बाकी सगळं," सासरेबुवा पुढे म्हणाले, "आमच्या एवाल्डनं केलं. जावई आहे माझा. शब्दाचा पक्का माणूस आहे, स्वतःचं नुकसान झालं तरी चालेल. तुझ्या गावात असा एक दाखव." मग त्यांनी हात लांब करून वेंडेलिनच्या हातातला पेला काढून घेतला आणि त्यातली सगळी बिअर आपल्या पेल्यात ओतली. "आमच्या पोराच्या बिअरला नावं ठेवणाऱ्याला इथे पाणी मिळतं. स्वयंपाकघरात माग."

दालनात हशा पिकला. वेंडेलिननं थोडा वेळ विचार केला आणि माफी मागून पेला परत मागितला, कारण पाणी कोण पिणार.

एवाल्ड पिंपामागे गुडघ्यावर बसला होता आणि खाली वाकून तोटीशी काहीतरी करत होता. बराच वेळ करत होता. रोसविथा वाकून बघायला आली.

"काय झालं रे?"

"काही नाही," एवाल्ड वर न बघता म्हणाला. "तोटी गळतेय."

रोसविथानं तोटीखाली बोट फिरवलं. तोटी कोरडी ठणठणीत होती. तिनं आपला रुमाल त्याच्या हातात दिला आणि पिंपामागचा तो कुणाला दिसणार नाही अशा बेतानं लोकांकडे तोंड करून उभी राहिली.